सतरा बटणं

रक्ताचा डाग गार पाण्यात काढायचा. गरम पाणी ओतलं की तो कापडात बसतो, मग कुणाचा बाप त्याला हलवू शकत नाही. मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं. कामाच्या पहिल्या आठवड्यात तिने तीन चादरी वाया घालवल्या, बोलणी खाल्ली आणि शिकली. त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं ती आरोग्य केंद्राच्या मागच्या हौदावर चादरी धूत होती. नाव तिलाही होतं, पण केंद्रात येणारं जाणारं प्रत्येक माणूस तिला मावशीच म्हणायचं.

बाळंतपणाच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या खोलीला मागच्या बाजूने कमरेइतक्या उंचीवर एक झडपेची खिडकी होती. आतून झडप उघडायची, चादरीचा गोळा खाली पत्र्याच्या टबात पडायचा, झडप बंद. पुढचं काम मावशीचं. आधी गार पाण्यात बुडवून ठेवायची, हाताने चोळायची, पाणी बदलायचं, पुन्हा चोळायची. मग सोडा, मग उकळणं, मग पिळणं. चादर पिळायला खरं तर दोन माणसं लागतात. मावशी एक टोक नळाच्या खांबाला अडकवायची आणि दुसऱ्या टोकाने एकटीच पीळ घालायची. तिची मनगटं पुरुषासारखी झाली होती.

आत काय झालं हे तिला कुणी सांगायचं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. चादर बघून तिला सगळं कळायचं. पहिलटकरीण आहे, उशीर झाला, टाके पडले, रक्त जास्त गेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तिच्याजवळ दुधाच्या पावडरचा एक रिकामा डबा होता. पेशंटच्या झग्यांची तुटकी बटणं ती त्यात जमवायची. पहिल्या तारखेला डबा रिकामा. बाळंतपणाची चादर आली की एक बटण आत. आधीच्या नर्सबाई, ज्यांना आता सगळे ‘जुन्या बाई’ म्हणत, महिन्याच्या शेवटी मागच्या पायरीवर येऊन बसायच्या. रजिस्टर मांडीवर. “मावशी, बटणं किती?” मावशी सांगायची, “नऊ.” जुन्या बाई नऊ लिहायच्या. अर्धा महिना त्या स्वतःच जागेवर नसायच्या, मग दुसरा हिशेब होता कुठे? सरकारच्या कागदावर या भागात किती पोरं जन्मली, ते मावशीच्या डब्यातून ठरत होतं. याचा तिला अभिमान वाटायचा. तिने बोलून दाखवला नाही कधी, पण डबा घासूनपुसून ठेवायची.

मग संस्था आली.

एका सकाळी एक अधिकारी कागद घेऊन आला आणि व्हरांड्यात सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला. इमारत सरकारची, पाटी सरकारची, औषधांचा खर्च सरकारचा. पण केंद्र चालवायचं काम तीन वर्षं एका संस्थेकडे. किती बाळंतपणं झाली, किती लसी टोचल्या, याचे आकडे संस्था देणार. आकडे खरे आहेत का, ते बघायला तिसरीच माणसं येणार. ठीक निघाले तर करार पुढे, खोटे निघाले तर संस्था बाहेर. कागदाची घडी घालून अधिकारी गेला. चहासुद्धा घेतला नाही.

“सरकारने घर ठेवलं आणि संसार दुसऱ्याला चालवायला दिला,” फाटकावरचा वॉचमन म्हणाला. वॉचमन मावशीच्या बरोबरीचा, दाताने सुपारी आणि जिभेने माणसं फोडणारा.

“आणि तीन वर्षांनी?” मावशीने विचारलं.

“तीन वर्षांनी बघू.”

“बघू म्हणून कुणी संसार मांडतं का?”

“मावशी, आपले संसार तरी कुणी विचारून मांडले होते?”

वॉचमन हसला. मावशी हसली नाही. जुन्या बाईंची बदली झाली, कंपाउंडर गेला. मावशी कधीच कायम नव्हती, रोजावरचीच. तिला मात्र ठेवलं. इथेच तिला पहिली शंका आली. फुकट कुणी कुणाला ठेवत नाही. मला ठेवलंय म्हणजे यांना माझ्याकडून काहीतरी हवंय.

नवी सिस्टर तिशीची. सकाळी आठला हजर, आणि संध्याकाळी घरी जाण्याचा प्रश्नच नाही, कारण ती मागच्याच खोलीत राहायला आली. ती खोली जुन्या बाईंच्या काळात झाडू आणि मोडक्या खाटा ठेवायची. औषधांच्या कपाटात औषधं दिसू लागली. गाडी आली, गाडीत तेलही होतं. मावशीला कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मिळाले. तिने ते हौदावरच्या खिळ्याला अडकवले, ते तिथेच लटकत राहिले.

“मावशी, हातमोजे घाला ना,” सिस्टर म्हणायची.

“हातमोज्यात डाग हाताला कळत नाही.”

“तुमचे हात बघा की. भेगा पडल्यात.”

“बावीस वर्षांच्या भेगा आहेत. आता कशाला बुजवता?”

नव्याचे नऊ दिवस, असं मावशीने ठरवून टाकलं. नऊ दिवस झाले, नव्वद झाले. सिस्टर आपली आठला हजर. मावशीला वाटलं, एवढं चांगलं कुणी उगाच वागत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि एक दिवस पाणी कुठे मुरतंय ते तिला दिसलं.

व्हरांड्यात संस्थेने एक काळा फळा लावला होता. महिन्याच्या शेवटी सिस्टर त्यावर खडूने आकडे लिहायची. मावशीला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. पहिल्या महिन्यात बाळंतपणं बारा. डब्यात बटणं बारा. ठीक. दुसऱ्या महिन्यात फळ्यावर एकोणीस, डब्यात पंधरा. चार चादरी कुणाच्या लक्षातून गेल्या असतील. तिसऱ्या महिन्यात चोवीस आणि सोळा. चौथ्या महिन्यात फळ्यावर एकतीस. मावशीने डबा पदराखाली धरून पायरीवर तीनदा मोजला. सतरा.

चौदा बाळंतपणं झाली आणि त्यांची चादर नाही. चादरीशिवाय बाई बाळंत होते का? ती कपाटाशी गेली, केंद्राच्या चादरी मोजल्या. चाळीस होत्या, चाळीस भरल्या. फाटली नाही, हरवली नाही. म्हणजे चौदा पोरं फक्त खडूने जन्मली होती.

तिने सिस्टरला सहज विचारल्यासारखं विचारलं, “सिस्टर, आत चादरी पुरतात ना?”

“पुरतात की, मावशी.”

“नाही, गर्दी वाढली म्हणून म्हटलं.”

“पुरतात,” सिस्टर म्हणाली आणि नजर वळवून लसीच्या डब्याचं झाकण उगाच उघडून बंद केलं.

ती वळलेली नजर मावशीने डागासारखी टिपून ठेवली.

दुसऱ्या कुणाला वाटेल, फळ्यावर चौदा जास्त लिहिले तर धुणाऱ्या बाईचं काय जातं? मावशीचं जात होतं. तिच्या सुनेला सातवा महिना होता.

दोन वर्षांपूर्वी सुनेची पहिली वेळ. तेव्हा केंद्राला कुलूप होतं, जुन्या बाई रजेवर. वॉचमनने कुलूप तोडलं, कंपाउंडरला बोलावून आणलं. बाळ रडलं नाही. तीही चादर झडपेतून टबात पडली. मावशीने ती गार पाण्यात बुडवली, चोळली, उकळली, वाळत घातली. आणि एक बटण डब्यात टाकलं, कारण ते काम होतं.

आता पुन्हा तीच वेळ येणार होती. मुलगा दूर बांधकामावर, तीन-तीन महिन्यांनी घरी येणारा. फोनवर म्हणाला, “आई, तू सांगशील तसं.” म्हणजे सगळं मावशीवर. एक तर इथे, हाकेच्या अंतरावर. नाही तर शहरातलं मोठं इस्पितळ. तिथे जायला अर्धा दिवस, शिवाय शेवटचा महिना मावशीच्या चुलत बहिणीकडे जाऊन पडायचं.

“शहरात जायचं,” मावशीने जाहीर केलं.

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. “मला इथेच बरं वाटतं, आई. सिस्टर चांगल्या आहेत.”

“चांगली आहे, मान्य. पण खोटं लिहिते. एकतीस लिहिले, झाली सतरा. जी फळ्यावर खोटं लिहिते ती टेबलावर काय करेल?”

“बटणं चुकली असतील.”

“बटणं चुकत नाहीत. माणसं चुकतात.”

सुनेने ट्रंकेतून एक जुनी चौकटीची चादर काढली, नीट घडी घातली आणि पिशवीत तळाला ठेवली. मावशीला बरं वाटलं. पोरगी शहराच्या तयारीला लागली म्हणायची.

आठ दिवसांनी तपासणीवाली बाई आली. ही ना सरकारची ना संस्थेची, अधिकाऱ्याने सांगितलेल्या तिसऱ्या माणसांपैकी. हातात यादी, पायात मळलेले बूट. मावशीला ते बूट आवडले. चालणारं माणूस आहे. दोन दिवस तिने कागद बघितले, गोळ्या मोजल्या, आणि तिसऱ्या दिवशी हौदावर येऊन मावशीशेजारी उकिडवी बसली.

“मावशी, इथे सगळ्यात जुन्या तुम्हीच ना?”

“इमारत माझ्याहून जुनी आहे.”

“तिला बोलता येत नाही म्हणून तुमच्याकडे आले.”

मावशीने हातातली चादर पाण्यात सोडली. फाटकाशी वॉचमन मान लांब करून बघत होता. तिला ठाऊक होतं, बोललं तर संस्था जाईल. संस्था गेली तर पुन्हा कुलूप, पुन्हा मोडक्या खाटा. कदाचित तिचं कामही जाईल. पण बावीस वर्षं जो डबा खरा बोलला, त्याचं झाकण आता दाबून धरायचं? तिने डबा आणला आणि बाईच्या पुढे उलटा केला.

“गेल्या महिन्याची बटणं. मोजा.”

बाईने मोजली. कशाची बटणं ते विचारलं, मावशीने सांगितलं. बाई हसली नाही. तिने वहीत लिहून घेतलं, एकेक बटण उचलून पुन्हा डब्यात टाकलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून यादी घेऊन ती घरोघरी फिरायला लागली.

“मावशी, सिस्टरची भाकरी घालवलीत की हो तुम्ही,” वॉचमन म्हणाला.

“खोटी असेल तर जाऊ दे.”

“आणि खरी असेल तर?”

“तर बटणं चौदा कुठे गेली ते सांग.”

“मला काय माहीत? मी फाटकावर असतो. माझ्याकडे बटणं नाहीत, एक शिट्टी आहे.”

चार दिवस मावशीने सिस्टरकडे बघितलं नाही. सिस्टरला कळलं होतं हे नक्की. तरी सकाळी आठला तिची पावलं व्हरांड्यात वाजायचीच, आणि “मावशी, चहा घेतला का?” हेही व्हायचं. मावशी म्हणायची, “घेतला.” घेतलेला नसायचा.

पाचव्या दिवशी तपासणीवाली बाई पुन्हा हौदावर आली. बुटांवर आणखी धूळ.

“मावशी, एकतीस घरं झाली. एकतीस पोरं आहेत. मी प्रत्येकाला हात लावून आले.”

मावशीच्या हातातून साबण घसरला.

“दोन मात्र गाडीत जन्मली, केंद्रात यायच्या आधीच. ती यांनी केंद्रात धरली. ते चूक आहे, ते कापायला सांगितलंय. एकोणतीस खरी.”

“बरं, दोन खोटी ना?” मावशीने तेवढं धरून ठेवलं. “मग बारा चादरी कुठे आहेत?”

“बारा घरांत विचारलं. म्हणाल्या, चादर घरून नेली होती आणि घरी परत आणली. सिस्टरने परवानगी दिली होती.”

“का? केंद्राच्या चादरी काय चावतात?”

“मीही हेच विचारलं. त्या एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. एक सांगते, ज्यांनी केंद्राची चादर वापरली त्या सतराही बायका लांबच्या वाड्यांवरच्या आहेत. या बारा इथल्याच, तुमच्या वस्तीतल्या नळावरच्या. पुढचं तुम्हीच विचारा. माझं काम आकड्यापुरतं.”

त्या दुपारी सिस्टरने फळ्यावरचा एकतीसचा आकडा पुसला आणि एकोणतीस लिहिला. पुसायला ओलं फडकं मावशीकडूनच मागून नेलं.

मावशी घरी आली ती थेट पिशवीपाशी. तळाची चौकटीची चादर ओढून काढली आणि सुनेपुढे धरली.

“ही शहरासाठी नाही.”

“नाही,” सून म्हणाली.

“इथेच जायचं ठरवलंयस. आणि चादर घरची.”

“हो.”

“सगळ्या घरची नेतात. का? मी नीट धूत नाही? बावीस वर्षांत एक डाग दाखव माझा राहिलेला!”

“डाग राहत नाही, आई. तुम्ही तो नळावर नेता.”

मावशीला कळलं नाही. सून भिंतीला टेकून हळूच खाली बसली, पोटावर हात ठेवून. तिला हे कधीतरी बोलायचंच होतं, असं तिच्या बसण्यावरून वाटलं.

“शिंप्याची सून आठवते? कोपऱ्यावरच्या शिंप्याची. केंद्रात आली होती, घरी ताप म्हणून सांगून.”

“आठवते की. ताप कसला?”

“तुम्ही नळावर काय म्हणालात?”

मावशीला आठवत होतं. नळाला रांग होती, कुणीतरी शिंप्याच्या सुनेच्या तापाचं विचारलं, आणि ती म्हणाली होती, “ताप असा चादरीवर येत नाही गं बाई.” सगळ्या हसल्या होत्या. तिलाही बरं वाटलं होतं, आपल्याला धुण्यातलं एवढं कळतं म्हणून.

“तिचं पडलं होतं. घरच्यांना दिवस गेल्याचंही सांगितलं नव्हतं तिने. चौथ्या दिवशी तिला माहेरच्या गाडीत बसवून दिलं. अजून आली नाही.”

“घरात भांडण झालं म्हणून गेली ती.”

“भांडण कशावरून झालं, आई?”

बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं. मावशी उभीच होती, चादर हातात.

“आणि माझं,” सून म्हणाली. “‘पोरीत रक्तच नाही, जे होतं ते सगळं चादरीवर राहिलं,’ असं म्हणालात. महिन्याने मी पहिल्यांदा नळावर गेले. मला बघून सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने स्वतः उठून माझी बादली भरून दिली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“मी काय खोटं बोलले का?”

“खोटं असतं तर बरं झालं असतं.”

हे ऐकून मावशीने चादरीची घडी घालायला घेतली. टोकाला टोक जुळेना. तीनदा घातली, तीनदा उलगडली. चाळीस चादरींच्या घड्या रोज डोळे झाकून घालणारी बाई.

“सिस्टर आल्या तेव्हा घरोघर फिरल्या,” सून सांगत राहिली. “केंद्रात का येत नाही म्हणून विचारलं. कुलूप असतं, औषध नसतं, हे सांगितलंच सगळ्यांनी. आणि चादरीचं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, घरची आणा, घरी न्या. मग बायका यायला लागल्या. तुम्ही ज्यांची बटणं शोधत होतात ना, त्या तुमच्यामुळे आल्या नाहीत तुमच्या डब्यात.”

दुसऱ्या दिवशी मावशी हौदावर न जाता व्हरांड्यातून आत गेली, सिस्टरच्या टेबलापर्यंत. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“मला का नाही सांगितलं?”

सिस्टरने पेन खाली ठेवलं. कशाबद्दल, असं विचारलं नाही. “सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मी कुणाला काही बोलत नाही. सगळे तेच म्हणतात. मला बायका यायला हव्या होत्या, वाद नको होता.”

“मग मला काढून का नाही टाकलं?”

“वरून तसं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. तुमच्यासारखा डाग कुणी काढत नाही.”

“म्हणजे उपकार केलेत.”

“उपकार कसले? चादरी स्वच्छ लागतात मला.”

मावशीला हे उत्तर आवडलं, पण तसं दाखवायची तिची तयारी नव्हती. तिने दुसरीकडून चिमटा काढला. “तुमची ती दोन गाडीतली पोरं. ती बरी केंद्रात जन्मली!”

सिस्टरचे कान लाल झाले. “गाडी आमची, बरोबर मी होते. मला वाटलं, धरावीत. आकडा मोठा दिसला तर करार टिकतो. चुकलं माझं.”

“तीन वर्षांनी तुम्ही जाल. मग?”

सिस्टर खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिथे दोऱ्यांवर चादरी होत्या. मावशीला वाटलं, आता ही काहीतरी गोड सांगणार, संस्था हे करेल, सरकार ते करेल. तो अधिकारी सांगत होता तसं.

“माहीत नाही, मावशी,” सिस्टर म्हणाली. “मला स्वतःलाच माहीत नाही.”

मावशी परत हौदावर गेली. चोळताना तिने विचार केला. चार महिन्यांत संस्थेच्या माणसांकडून तिने खूप उत्तरं ऐकली होती. ‘माहीत नाही’ हे पहिल्यांदाच ऐकलं. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. जुन्या बाईंकडे कायम असायचं. तीन वर्षांचं तीन वर्षांनी बघता येईल, पोरीचे दिवस तर दोन महिन्यांवर आलेत. संध्याकाळी तिने सुनेला सांगितलं, “इथेच जा. पण दुखायला लागलं की लगेच. वाट बघत बसायचं नाही.” आणि मुलाला फोनवर सांगितलं, “शहर रद्द.” कारण सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, सकाळचे कपडे दोरीवर चढत असतानाच सून फाटकातून आत आली. चालत, पिशवी स्वतःच्या हातात. वॉचमन धावला, तिने त्याला पिशवी दिली नाही. मावशीकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

मावशी मागेच राहिली. आत जायचं म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण तिची जागा हौद. तिने एक चादर घेतली, खांबाला टोक अडकवलं आणि पिळायला लागली. पिळून झाली. पुन्हा पाण्यात बुडवली, पुन्हा पिळली. झडप बंद होती. आतून आवाज येत होते, सिस्टरचा, सुनेचा, भांड्यांचा. मावशीचं सगळं लक्ष झडपेवर. बावीस वर्षं तिला जे कळलं ते या झडपेतून. आज झडपेतून काही येणार नव्हतं. आत काय चाललंय हे न कळता उभं राहायचं म्हणजे काय, ते बाकीच्या सासवांना माहीत असतं. तिला नव्हतं.

तीच चादर तिने पाचव्यांदा पिळायला घेतली तेव्हा बाळ रडलं. मावशीने चादर सोडली नाही. ते पुन्हा रडतंय का, याची वाट बघितली. पुन्हा रडलं. आणि मग थांबेच ना.

“मुलगी,” सिस्टरने झडप उघडून सांगितलं. “दोघी छान.”

“खरंच छान, का म्हणायचं म्हणून?”

“येऊन बघा.”

हात पुसून ती आत गेली. सून खाटेवर होती, ओठ सुकलेले, बाळ छातीशी. मावशीने बाळाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग तिची नजर आपोआप खाटेखाली गेली. चौकटीच्या चादरीचा घट्ट गोळा, वर दुहेरी गाठ, पिशवीत कोंबलेला.

“दे, धुते.”

“मी धुईन, आई. घरी गेल्यावर, अंगात जोर आला की.”

“तोवर डाग बसेल.”

सून तिच्याकडे बघत राहिली. मावशीने नजर वळवली नाही आणि ती आणखी एक शब्दही बोलली नाही, हे तिला चादर पिळण्याहून जड गेलं.

“इथे नको,” सून शेवटी म्हणाली. “घरी. मागच्या अंगणात. आणि बटण टाकू नका.”

“नाही टाकत.”

घरच्या मागच्या अंगणात पाणी नव्हतं. नळावरून वाहून आणावं लागणार होतं. डाग ओला होता तोवरच सुटणार होता, म्हणून ती तशीच बादली घेऊन नळावर गेली. दुपारची रांग. बातमी तिच्याआधीच पोहोचली होती.

“मुलगी झाली म्हणे, मावशी!”

“झाली.”

“पोरीला त्रास झाला का फार? मागच्या खेपेसारखं काही…”

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. पाणी बादलीत पडत होतं. मावशीने बादली तिरकी करून जरा पुढे सरकवली, धार नीट मध्ये पडावी म्हणून.

“आई आणि बाळ घरी आली की या बघायला,” ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आज बोलली नाही, उद्या बोलेल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मावशीला ते दिसलं. तिने भरलेली बादली उचलली, अंगणातल्या टबात नेऊन ओतली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. अशा पाच खेपा लागल्या, आणि पाचही वेळा कुणी ना कुणी विचारलंच.